हिच्या नावाने कोण येतं

९ नोव्हेंबर

आजपासून चार ओळी लिहायच्या ठरवल्या. घरात बोलायला कोणी नाही, आणि भिंतीशी बोलणारा म्हातारा इतक्यात व्हायचं नाही. शाळा सातवीतच सुटली, पण पुढे जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. त्यामुळे शब्दाचा अर्थ कळला नाही तरी एखादं अक्षर वाकडं पडलेलं मला लांबून दिसतं.

सकाळचं पहिलं काम कॉम्प्युटरचं. फ्रिजशेजारच्या फळीवर तो डबा आहे, पुढे छोटा पडदा. ही आजारी होती तेव्हा मुलीने बसवला. घरातले सगळे फोटो, दवाखान्याचे कागद त्यात आहेत, आणि हिला पडल्या पडल्या पत्त्यांचा डाव लावायला तो बरा पडायचा. त्यात सगळ्यांकडे असतं ते विंडोज नाही, लिनक्स आहे. मुलगी दूरच्या शहरात अशाच यंत्रांची देखभाल करते, तेव्हा घरातही तेच. प्रत्येकाचं वेगळं खातं. माझं 'बाबा', हिचं 'आई'. मुलीचंही होतं, ते आता नाही.

रोज उठल्यावर, चहाच्या आधी, आपल्या नावाने आत जायचं आणि दोन ओळी टाइप करायच्या. पहिलीने नवीन काय आलंय ते कळतं, दुसरीने ते बसतं. का करायचं हे मुलीने समजावलं होतं. "बाबा, जगात कुठेतरी कोणीतरी कुलूप फोडायची नवी युक्ती काढतो. मग कुठेतरी कोणीतरी बसून ते कुलूप दुरुस्त करतो आणि सगळ्यांना फुकट पाठवतो. आपण ते लावून घ्यायचं, एवढंच."

मी विचारलं, आठवड्याने केलं तर? म्हणाली, "रोज. काही आलं नाही तरी रोज."

आज काही आलं नव्हतं. तरी केलं.

१२ नोव्हेंबर

थंडी वाढली. जिन्याखालच्या धोब्याने विचारलं, मुलगी कशी आहे? म्हटलं, बरी आहे. बरीच असणार.

भांडण मोठं नव्हतं. ती म्हणाली, माझ्याकडे चला, इथे एकट्याचं कसं होणार? मी म्हटलं, माझं मी बघेन. ती म्हणाली, तुम्हाला गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही. मी म्हटलं, एकदा विसरलो म्हणून माझ्या घराला कुलूप लावतेस का? ती म्हणाली, ठीक आहे, तुमचं तुम्ही बघा. मग माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि कॉम्प्युटरमधलं स्वतःचं खातं पुसून टाकलं. "आता या घरात माझं काही नाही," म्हणाली, आणि बॅग उचलून गेली. आईच्याच वळणावर गेली आहे. नाकावर राग.

तेव्हापासून तिचा फोन नाही. मीही केलेला नाही. मी का करावा?

गॅस आता दोनदा बघतो.

१७ नोव्हेंबर

आज अडलं. दुसरी ओळ टाइप केली, नेहमीसारखी अक्षरं सरसर वर गेली, आणि मधेच सगळं थांबलं. पडद्यावर निळी चौकट आली. आत इंग्रजीत प्रश्न आणि खाली दोन-तीन उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. नवीन बसवू की जुनं ठेवू, असं काहीतरी. कशाचं, ते कळेना.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर अन् अक्षर ओळखीचं, अर्थाच्या नावाने शंख. चुकीचं बटण दाबलं आणि फोटो गेले तर? हिचा आवाज कुठे साठवलेला नाही, पण चेहरा तेवढा त्यात आहे. मी हात मागे घेतला.

मुलीला विचारलं तर तिला आयतंच मिळेल. बघा, म्हणेल, साधं अपडेट जमत नाही, आणि म्हणे एकटा राहतो. उद्या दारात टेम्पो उभा राहील सामान न्यायला.

डबा तसाच ठेवला आहे. वर्तमानपत्र झाकून ठेवलं, का ते मलाही माहीत नाही.

१८ नोव्हेंबर

चौकातल्या रिपेरवाल्याला घेऊन आलो. त्याची कंबर धरलेली असते, जिना चढताना माझ्यापेक्षा तोच जास्त कण्हला.

त्याने वर्तमानपत्र उचललं. "काका, याला थंडी वाजत होती का?"

मी म्हटलं, "आधी प्रश्न बघ."

त्याने वाचलं. "काही नाही हो. बाहेरून या मशीनमध्ये यायचा एक दरवाजा असतो. त्याच्या कुलपाची दुरुस्ती आली आहे. आणि त्या दरवाजाचे नियम तुमच्या मुलीने हाताने बदलून ठेवलेत. तो विचारतोय, तिचे नियम ठेवू की वरून आलेले लावू."

"मग?"

"तिचे ठेवू. जाणत्या माणसाने केलेल्याला आपण कशाला हात लावायचा?" त्याने बटण दाबलं. अक्षरं पुन्हा पळायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग म्हणाला, "पण हे तुम्ही रोज हाताने करता?"

"रोज. चहाच्या आधी."

"आपोआप होतं की. एक ओळ लिहून ठेवली की मशीनच आपलं आपण करतं, तुम्ही झोपा काढा. तुमच्या मुलीला माहीत नाही असं होणार नाही. तिचं कामच ते."

मला रागच आला. म्हणजे इतके दिवस मला उगाच राबवलं? त्याने लगेच करून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. एकदा लागलेली सवय, आणि ते काम काढलं तर सकाळी उठून करायचं काय?

जाता जाता मी विचारलं, बाहेरचा दरवाजा म्हणजे त्यातून कोणीही येईल? म्हणाला, किल्ली असेल तोच येईल. कोण आलं-गेलं त्याची मशीन नोंद ठेवतं. ती त्याने दाखवली. ओळीखाली ओळ. बाबा, आई, बाबा, आई, बाबा, आई.

मी म्हटलं, "हे जुनं असेल."

तो म्हणाला, "नाही, ही परवाची. ही कालची."

हिला जाऊन दीड वर्ष झालं. मी खुर्चीत बसलो. रिपेरवाल्याने आपणहून पाणी आणून दिलं.

"मुलगी असेल काका."

"तिने स्वतःचं नाव माझ्यासमोर पुसलं. इथे माझं काही नाही म्हणाली. आणि ती येऊन गप्प जाईल? ती आली की आधी चार चुका काढते."

"मग विचारा तिला."

मी विषय बदलला.

२० नोव्हेंबर

नोंद कशी बघायची ते शिकून घेतलं. आता दिवसातून कितीदा बघतो ते लिहीत नाही.

तो जो कोणी आहे, तो माझं काम झाल्यावर येतो. येतो आणि लगेच जातो. कशाला हात लावत नाही. सगळे फोटो उघडून पाहिले, एकही कमी नाही. दारातून आत डोकावावं आणि चप्पल न काढता मागे फिरावं, असं. चोराला एवढी लाज कशी?

हिचं नाव वापरतो याचा संताप येतो. दुसरं कुठलंही वापरायचं होतं.

२४ नोव्हेंबर

दोन दिवस ताप. काल सकाळी उठवलंच नाही. दुपारी कसाबसा उठून कॉम्प्युटरपर्यंत गेलो, दोन ओळी टाइप केल्या आणि पुन्हा पडलो. आज नोंद पाहिली.

काल तो सकाळपासून सारखा येत होता. आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. एकदा तर लागोपाठ. मी दुपारी आत गेलो, त्यानंतर एकदाच आला आणि मग बंद.

आता डाव लक्षात आला. घरात माणूस आहे की नाही याचा अंदाज घेतोय. मी दिसलो नाही की त्याला वाटतं घर रिकामं. मी उठलो हे कळलं आणि पसार झाला. अशी पाळत ठेवणारी माणसं असतात, वर्तमानपत्रात येतं.

खिडकीच्या कड्या लावल्या. पेज करून प्यायलो. चव नव्हती.

२६ नोव्हेंबर

रिपेरवाल्याच्या दुकानात गेलो. पाळत ठेवतो ते सांगितलं. त्याने डोकं खाजवलं.

"काका, मी पुन्हा सांगतो, मुलीला..."

"तुला बंद करता येतं की नाही?"

"येतं. तसंही, माणूस गेलं की त्याचं खातं बंद करायचं असा नियमच आहे. मोठ्या ऑफिसांतून त्याच दिवशी करतात. उघडं राहिलेलं खातं म्हणजे भिंतीला भोक."

त्याच दिवशी. मला ऐकून कसंतरी झालं. हिचा टूथब्रशसुद्धा मी कित्येक महिने काढला नव्हता.

पुसू नकोस, म्हटलं. पुसायचं नाही, नुसतं लावून घे. तो म्हणाला, तेच करतो, कुलूप घालतो, आतलं सगळं जागच्या जागी राहील. घरी येऊन त्याने एक ओळ लिहिली. कुलूप घालायची, आणि लागलंच तर काढायची, अशा दोन्ही ओळी मला कागदावर लिहून दिल्या.

तो गेल्यावर मी पडद्याकडे बघत म्हटलं, रागावू नकोस, तुझ्याच भल्यासाठी. मग लक्षात आलं की मोठ्याने बोललो.

२७ नोव्हेंबर

आज कोणी आलं नाही. येण्याचा प्रयत्न झाला होता, तो दुसऱ्या नोंदीत दिसतो म्हणे. कुलपाने दाद दिली नाही. शाबास.

२९ नोव्हेंबर

बाबा. बाबा. बाबा. नोंदीत आता माझंच नाव खालोखाल. प्रूफात एकच ओळ चुकून पुन्हा पुन्हा जुळवली गेली तर दिसायची तसं.

आज एक दुरुस्ती आली होती, बसवली. पण मन लागलं नाही. पूर्वी टाइप करून झालं की चहा घेताना एक नजर नोंदीवर जायची, येऊन गेलं का? चोर का होईना, पण रोज यायचा. आता वाट बघायलाही काही उरलं नाही, हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

३० नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई काडेपेटी मागायला वर आल्या. त्यांचे गुडघे गेलेत, देवाने बोलावलं तरच वरचा जिना चढेन असं त्या सांगतात, आणि आज काडेपेटीसाठी चढल्या. त्यांच्याकडे तर लायटर आहे.

१ डिसेंबर

काडेपेटी परत करायला आल्या. मी म्हटलं, राहू द्या हो. दारातच उभ्या राहून माझ्या खांद्यावरून घरात बघत होत्या. "जेवलात का भाऊ?" म्हणाल्या. सकाळचे नऊ वाजले होते.

२ डिसेंबर

पुन्हा आल्या. आज तारीख विचारायला. म्हणे कॅलेंडर खाली पडलं. गच्चीच्या गळतीच्या अर्जावर माझी सही हवी असणार आणि बाई आधी गोड बोलून ठेवताहेत. मी सही करणार नाही.

४ डिसेंबर

आज सगळं उलटंपालटं झालं. जसं झालं तसं लिहितो.

बाई आल्या, धापा टाकत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी सांगणार नव्हते. शपथ घातली होती तिने. पण माझे गुडघे आता शपथा पाळण्याच्या वयाचे राहिले नाहीत."

"सही मी करणार नाही," मी म्हटलं.

"कसली सही? तुमच्या मुलीचा रोज सकाळी मला फोन येतो. बाबा उठले का बघा म्हणते. पहिले दोन-तीन दिवस खालूनच तुमच्या पावलांचा कानोसा घेऊन सांगितलं, मग काडेपेटी मागायला चढले."

मी बाईंना पाणी आणून दिलं.

"आधी म्हणे तिला तिथूनच कळायचं. त्या डब्यात सकाळी तुमचं नाव लागलं की ती निर्धास्त कामाला जायची. आईच्या नावाने आत येऊन बघते म्हणाली, स्वतःचं काढून बसली आहे ना. आठ दिवस झाले, आत जाताच येत नाही. रडत होती हो. बाबांनी आईच्या नावालासुद्धा कुलूप घातलं म्हणाली."

"मला वाटलं चोर आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "तुम्हाला ताप आला त्या दिवशी ती गाडीत बसायला निघाली होती. स्टेशनवर होती. दुपारी तुमचं नाव दिसलं म्हणून घरी परतली."

"मग सरळ फोन करायचा."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, फोन केला की ते म्हणणार, मी काही मेलेलो नाही. असं म्हणाल की नाही?"

म्हणालो असतो. अगदी हेच म्हणालो असतो.

"आता तुमचं तुम्ही मिटवा," बाई उठता उठता म्हणाल्या. "उद्यापासून मी चढणार नाही. ती काडेपेटी ठेवा तुमच्याकडेच."

त्या गेल्यावर फोन हातात घेतला. नंबर पाठ आहे. पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत बसलो. कसंही जुळवलं तरी वाकडंच दिसत होतं. फोन ठेवला.

तरी एक कळत नाही. आपोआप होणारं काम ती मला हाताने करायला लावते, हे अजूनही मला पटलेलं नाही.

५ डिसेंबर

कागदावरची दुसरी ओळ टाइप केली आणि हिच्या खात्याचं कुलूप काढलं. एकेक अक्षर तपासून. रिपेरवाल्याला मुद्दाम बोलावलं, बरोबर निघालं का बघायला. "निघालं," म्हणाला. मग हळूच, "मुलगीच ना?"

मी मान हलवली. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

मी म्हटलं, "आत येणाऱ्याला दोन शब्द सांगायचे असतील तर सोय आहे का? फोन न करता?"

"आहे की. आत आलं की वरच्या बाजूला इंग्रजीत स्वागताचा मजकूर येतो ना, तो नुसती एक फाइल असते. तुम्ही त्यात काहीही लिहा, येणाऱ्याला आधी तेच दिसणार." त्याने ती उघडून दिली आणि म्हणाला, "काय लिहू?"

मी म्हटलं, "तू जा. ते मी जुळवतो."

६ डिसेंबर

सबंध दिवस त्यात गेला. आधी लांबलचक लिहिलं. ताप होता, चोर वाटला, तुझ्या आईचं नाव पुसलं नाही, नुसतं कुलूप घातलं होतं, गॅस मी दोनदा बघतो. वाचून पाहिलं तर अर्ज वाटला. अर्धं काढलं. मग 'कशी आहेस' लिहिलं, तेही काढलं. ती उत्तर कुठे लिहिणार?

छापखान्यात मालक म्हणायचे, जागा कमी असेल तर विशेषणं काढा. इथे जागा भरपूर होती, तरी मी काढत गेलो. तिच्या त्या रोजच्या येण्यात मला काय खुपत होतं ते आठवून पाहिलं. येते आणि लगेच जाते, ते.

शेवटी एकच ओळ ठेवली. 'आलीस तर जरा थांब.'

मागेपुढे काही नाही. नाव घातलं नाही. प्रूफ तीनदा वाचलं. बाईंना खाली जाऊन एवढंच सांगितलं की दार उघडलं म्हणून कळवा. त्या म्हणाल्या, "फोन तुमच्याकडे नाही का?" पण लावला त्यांनी.

७ डिसेंबर

सकाळी उठलो, आत गेलो, दोन ओळी टाइप केल्या. दोन दुरुस्त्या होत्या, बसवल्या. मग चहा घेऊन पडद्यासमोर बसलो आणि नोंद बघत राहिलो. नाही. नाही. चहाचे दोन घोट घेतले. पुन्हा बघितलं.

आई.

नोंदीत प्रत्येक ओळीला येण्याची वेळ असते आणि पुढे जाण्याची. रोज दोन्हींत जेमतेम एका मिनिटाचा फरक असायचा. आज जाण्याच्या जागी वेळेचे आकडे नाहीत, इंग्रजी शब्द आहेत. रिपेरवाल्याला फोन करून अक्षरं वाचून दाखवली. त्याने अर्थ सांगितला, अजून आत आहे.

ते ऐकलं त्याला बराच वेळ झाला. मधे बाई खालून ओरडल्या, भाऊ, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाहुणे आहेत.

ती काही करत नाही, मीही काही करत नाही. दर थोड्या वेळाने तीच ओळ टाइप करून बघतो. एकदा वाटलं आता गेली असेल, म्हणून बघायचंच टाळलं. मग बघितलं. होती.

चहा कधीच गार झाला. नवा टाकायला उठायला हवं, पण उठवत नाही. ती अजून आत आहे.